टोपण घट्ट लावलेली बाटली

दुर्बीणबाई हे नाव त्यांना बागेतल्या लोकांनी ठेवलं होतं आणि ते त्यांच्या कानावर आलेलं होतं. राग आला नव्हता, उलट आत कुठेतरी बरंच वाटलं होतं. तीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे कोण कॉपी करतंय ते बरोबर सांगितलं. अशी बाई निवृत्त झाल्यावर गप्प बसते होय? बाईंनी बाग धरली.

बागेत तेव्हा बाकाखाली बाटल्या, झुडपात डबे, कारंज्यात पिशव्या. बाईंनी नगरपालिकेला अकरा अर्ज केले. बाराव्या वेळी अर्ज न देता साहेबांच्या टेबलासमोर दोन तास नुसत्या बसून राहिल्या. मग पेट्या आल्या. हिरवी पालापाचोळ्याला आणि खरकट्याला, निळी बाटल्यांना आणि डब्यांना. पहिल्या महिन्यात निळ्या पेटीत काय काय निघालं म्हणता? एक चप्पल, अर्धं टरबूज आणि कुणाची तरी कवळी! बाई हात कमरेवर ठेवून पेटीशेजारी उभ्या राहायला लागल्या. नियम त्यांचे त्यांनीच केले. बाटली विसळलेली हवी, कागद सोललेला हवा, टोपण वेगळ्या खोक्यात. टोपण उघडल्यावर गळ्याशी जी बारीक कडी उरते ना, तीसुद्धा काढायची, कारण तिचं प्लास्टिक वेगळं. लोक कागद सोलायला शिकले, टोपणंही टाकायला लागले. कडीचं मात्र घराबाहेर कुणी मनावर घेतलं नाही.

विश्वास बाईंचा कुणावर नव्हता. माळी दोन्ही पोती एकत्र करतो की काय, ते आठ दिवस लपून पाहिलं. गाडीवाला पुढे जाऊन सगळं एकाच ढिगात ओततो, असं लोक म्हणायला लागले, तेव्हा सायकलवरून गाडीच्या मागे थेट कचरा निवडायच्या शेडच्या फाटकापर्यंत गेल्या आणि निळी पोती वेगळी उतरताना डोळ्यांनी बघून आल्या. दोन वर्षांत आणखी तीन बागांत तशाच पेट्या बसल्या. बाईंना पोटचं पोर नव्हतं. त्या पेट्या म्हणजेच त्यांचं सगळं होतं, हे त्या स्वतःही कबूल करत.

अशा एका सोमवारी सकाळी शेडचा मुकादम बागेत आला. हा माणूस एरवी बाईंना दुरूनच हात करून सटकायचा.

"बाई, तुमच्या बागेच्या पोत्यात सुया निघाल्या. इंजेक्शनच्या. एका बाटलीत भरून टोपण घट्ट लावलेलं. आमच्याकडे बाटली दाबायच्या आधी टोपण उघडावं लागतं. आमच्या एका पोरीनं उघडलं, उलटी केली, आणि एक सुई बोटात गेली."

"अगं बाई! फार लागलं का?"

"लागलं ते दिसत नाही, पण सुई कुणाची हे कळेना ना. डॉक्टर म्हणतात, ज्याची सुई त्याचं रक्त तपासलं की सुटलो. नाहीतर महिनाभर गोळ्या आणि जिवाला घोर. वरून हुकूम आलाय, दहा दिवसांत माणूस सापडला नाही तर चारही बागांतल्या निळ्या पेट्या उचलायच्या. मी म्हणतो, बागेच्या फाटकावर एक बोर्ड लावू. 'ज्याच्या असतील त्यानं येऊन सांगावं, कुणी रागावणार नाही.' आणि तुम्ही शेडवर येऊन बाटली बघून जा एकदा."

"बाटलीत काय बघायचं? बाटलीसारखी बाटली. आणि बोर्ड अजिबात नाही! चोराला आपणच सावध करायचं का? टोपण घट्ट लावलं होतं म्हणालात ना? म्हणजे माझ्या रोजच्या माणसांपैकी नाही. माझी माणसं टोपण काढून टाकतात. कुणाला एक शब्द बोलू नका. मी शोधते."

मुकादमाने मान डोलावली. बाईंसमोर मोठमोठे साहेब मान डोलवत, तो तर मुकादम.

बाईंनी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही. घरी होते कोण, तर एकटे यजमान. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेली, आता डोळ्यावर भिंग लावून जुनी घड्याळं उगाच उघडत बसायचे. माणूस देवासारखा, पण पोटात गोष्ट राहायची नाही. सकाळी बागेत सांगितलेलं दुपारी सगळ्या गल्लीला ठाऊक व्हायचं. म्हणून बाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "पेट्यांत कुणीतरी खोडी करतंय. पकडतेच बघा."

"पकड बाई, पकड," यजमान भिंगातून मान वर न काढता म्हणाले.

मग सुरू झाला पहारा. बागेसमोर दवाखाना होता. तिथला कंपाउंडर दुपारी डबा खायला बागेत यायचा. सुया कुणाकडे असणार? कंपाउंडरकडे! बाई तीन दिवस त्याच्या मागच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसल्या. चौथ्या दिवशी तो स्वतःच वळून म्हणाला, "बाई, पेपर उलटा धरलाय तुम्ही." मग कारंज्यामागे बसणारी तीन तरुण मुलं. लांब केस, हळू आवाजात बोलणं, बाई जवळ गेल्या की चिडीचूप. बाईंची खात्रीच झाली. शेवटी कळलं की ती मुलं गाणी रचत होती आणि वाईट रचत होती म्हणून लाजत होती.

राहता राहिला माळी. पोती तोच बांधतो, किल्ली त्याच्याकडे, आणि त्याच्या अवजारांच्या खोलीत फळीवर बाटल्यांची रांग. आठव्या दिवशी तो खोली उघडी टाकून पाणी घालायला गेलेला असताना बाई खोलीत शिरल्या आणि एकेक बाटली उघडून हुंगत राहिल्या. बी-बियाणं होतं, सगळ्या बाटल्यांत. माळी दारात येऊन कधी उभा राहिला ते त्यांना कळलंच नाही.

"काय शोधताय?"

"ते मला सांगता येणार नाही."

"दोन वर्षं तुमची पोती वाहिली, बाई. नुसतं विचारलं असतंत तर खोली मीच दाखवली असती." त्याने किल्ली काढून फळीवर ठेवली. "ही घ्या. माझ्यावर एवढा संशय असेल तर उद्यापासून पोती तुम्हीच बांधा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!"

बाईंना ते फार झोंबलं. पण दोनच दिवस उरले होते. आता नाइलाजाने त्या शेडवर गेल्या, म्हटलं मुकादमाकडे मुदत तरी मागावी.

आत त्या पहिल्यांदाच जात होत्या. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंनी बायका उभ्या, आणि मधोमध त्यांच्याच बागेतल्या बाटल्यांचा ढीग. टेबलाच्या टोकाला एक वीस-बावीस वर्षांची मुलगी उजव्या हाताच्या बोटाला पट्टी लावून डाव्या हाताने टोपणं काढत होती. कोपऱ्यात एक म्हातारी तान्हं बाळ मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजायला बघत होती, आणि बाळ अंग आखडून रडत होतं. शेडभर तो आवाज भरला होता.

"हीच ती," मुकादम म्हणाला. "आणि तिचं बाळ, चार महिन्यांचं. माणूस सापडेपर्यंत अंगावर पाजू नको म्हणालेत डॉक्टर. बाटली तोंडात धरत नाही ते. आजीचा जीव मेटाकुटीला आलाय."

हे बाईंना कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्यांनी विचारलंच नव्हतं. आठ दिवस त्या पेट्यांसाठी धावत होत्या, पहिल्या दिवसानंतर बोटाची चौकशी एकदाही केली नव्हती.

"ती बाटली दाखवा," त्या म्हणाल्या.

मुकादमाने कपाटातून एका पिशवीत बांधलेली बाटली आणली. बाईंनी ती उजेडात धरली. आत पंधरा-वीस बारीक सुया. बाहेरून बाटली आरशासारखी स्वच्छ. कागद सोललेला, आणि कागदाखाली जो चिकट डाग राहतो तोसुद्धा तेल लावून पुसून काढलेला. मग त्यांची नजर गळ्यावर गेली. टोपणाखाली कडी नव्हती. बारीक पात्याने, एका सरळ रेषेत कापून काढली होती, कुठे ओरखडा म्हणून नाही.

चार बागांत हजारो लोक येतात. कडी काढणारा त्यांतला एकच, आणि त्याच्या हातात घड्याळजीचं पातं असतं.

बाईंनी बाटली मुकादमाच्या हातात परत दिली. घरी आल्या त्या थेट यजमानांच्या टेबलापाशी. घड्याळांची पेटी तेवढी त्या घरात कधी उघडत नसत, एकदा एक स्प्रिंग हरवली होती आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा यजमान त्यांच्यावर ओरडले होते. आज त्यांनी पेटी उघडली. खालच्या खणात औषधाची कुपी आणि कोऱ्या सुयांचं पाकीट.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

यजमानांनी भिंग काढून ठेवलं. "महिना झाला. गोळ्यांनी साखर आटोक्यात येईना. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन घ्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर तू माझ्या ताटावर पहारा बसवला असतास. शेजारी जाऊन विचारून आली असतीस, ह्यांनी इथे काही गोड खाल्लं का. म्हटलं, जाऊ दे, आपलं आपण घेऊ गुपचूप. घरच्या केरात टाकायची सोय नाही, तू केर उपसून बघतेस. म्हणून बाटलीत भरून बागेत नेली. सुई कुणाला लागू नये म्हणून टोपण घट्ट लावलं गं. तेवढा एक तुझा नियम मोडला, बाकी सगळे पाळले." त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का? काय झालं?"

बाईंनी सांगितलं. बोट, गोळ्या, बाळ, सगळं. यजमान ऐकता ऐकता उठून उभे राहिले होते.

"आठ दिवस? अगं, मी रोज सकाळी त्या फाटकातून जातो! एक कागद चिकटवला असतास ना, तर मी त्याच क्षणी दवाखान्यात गेलो असतो. चल, वहाणा घाल."

वाटेत बागेपाशी बाई थांबल्या. माळ्याला हाक मारून त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुया माझ्याच घरच्या निघाल्या. तुमची खोली मी उचकायला नको होती. चुकले मी." माळ्याने पाण्याची नळी खाली ठेवली.

दवाखान्यात कंपाउंडरने यजमानांचं रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद मिळाला. रक्तात कसलाही दोष नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या थांबवायला सांगितल्या आणि बाळाला पाजायलाही परवानगी दिली. तो कागद घेऊन दोघं तसेच उन्हातून शेडवर गेले. बाईंनी टेबलापाशी उभं राहून सगळ्या बायकांसमोर मोठ्याने सांगितलं, "बाटली आमच्या ह्यांची होती. बोर्ड लावू नका असं मी सांगितलं होतं. ह्यांना काही माहीत नव्हतं, दोष माझा आहे." यजमानांनी त्या मुलीपुढे हात जोडले. मुकादम मध्येच म्हणाला, "माणूस सापडला ना, मग पेट्या राहतील, बाई." दोन वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी पेट्यांबद्दलचं बोलणं नीट ऐकलं नाही.

ती मुलगी कागद वाचत होती. दोनदा वाचला. मग हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. म्हातारीकडून बाळ घेतलं, टेबलाकडे पाठ करून खाली बसली आणि त्याला छातीशी धरलं. सगळ्या बायकांचे हात थांबले होते. बाळाने तोंड लावलं, थोडं ओढलं, सोडलं. परत लावलं. मग मान मागे टाकून ते ओरडायला लागलं आणि थांबेचना.

"लागेल हळूहळू, सवय मोडलीय," म्हातारी म्हणाली.

"सवय नाही मोडली, आई. दूध आटलंय."

मुलीने बाळ खांद्यावर घेतलं आणि थोपटत थोपटत बाईंकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारत होती.

"बाई, पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत हो सगळ्यांना?"

बाळ रडत होतं, आणि म्हातारी बाटली गरम पाण्यात विसळायला घेऊन गेली.