नकाशावरची लाल रेघ

विमान उतरलं की शेतकरी ते चालवणाऱ्या धाकटीभोवती गोळा व्हायचे. चहाचा पहिला कप तिला. औषध फवारायला ती अशी खाली झेपावते की कणसं वाकतात, हे कौतुक वर. तिची ताई मात्र उजाडल्यापासून औषध कालवून, गाळून टाकी भरणार. हातमोजे घालूनही बोटं पिवळी ती पिवळीच. तिला कोणी म्हणायचं काय, तर "मावशी, जरा सरका, फोटो काढायचाय." ताईला अशा मिरच्या झोंबायच्या! वैमानिकाच्या परीक्षेला आधी ताईच बसली होती. डोळ्यांच्या तपासणीत ती नापास झाली आणि तिचीच पुस्तकं वाचून धाकटी पास झाली. आयत्या बिळावर नागोबा! सख्खी बहीण असली म्हणून काय पोटात दुखायचं थांबतं?

रोज सकाळी ताई गाडीने शेताला चक्कर मारी आणि विजेच्या तारा नकाशावर लाल पेन्सिलीने आखून देई. वरून तार दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आज पंपाच्या खोलीपर्यंत नवी तार ओढलेली होती. पेन्सिल हातात होती. ताईने रेघ मारली नाही. एकदा घाबरू दे तिला, एवढंच मनात होतं. निदान स्वतःला तिने तसं बजावलं.

धाकटीने नकाशा न बघताच घडी करून खिशात घातला. "तू बघितलंस ना? मग झालं."

तेव्हाही सांगता आलं असतं. ताई टाकीचं झाकण लावायला वळली.

तीन फेऱ्या झाल्या. चौथीला विमान मक्याच्या तुऱ्यांना लागून पंपाच्या खोलीकडे निघालं. वॉकीटॉकी ओढून ती किंचाळली, "वर घे! तार आहे, वर घे!"

चाकं तारेवरून हातभर अंतराने गेली.

खाली उतरल्यावर धाकटी ज्याला त्याला सांगत सुटली, "ताई होती म्हणून वाचले!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिला कप ताईच्या हातात आला. इतकी वर्षं त्या कपासाठी ती जळली होती, आणि आता तिने तो न पिताच खाली ठेवला.

गर्दी पांगल्यावर धाकटीने खिशातला नकाशा उलगडला. पंपाच्या खोलीपाशी तिचं बोट थांबलं. मग हळूच म्हणाली, "पेन्सिलीचं टोक मोडलं होतं का गं, ताई?"

पळवाट तिनेच काढून दिली होती. ताईने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही," ताई म्हणाली. "चांगलं टोकदार होतं."