वरचा दात

“तू भाकर काब खास नही वं?” भाईदासनं विचारलं.

“खादी ना मी,” बेबाबाई म्हणाली.

साफ खोटं. काचबिंदूनं भाईदासचे डोळे नेले होते, कान नव्हे. बायको कळण्याची भाकरी कशी चावते, तो आवाज त्याच्या कानात मुरलेला होता. आठवडाभर नुसती कढी भुरकल्याचं ऐकू येत होतं. त्याला वाटलं, मागच्या आठवड्यात तांब्या लवंडला, आपण उलट बोललो, त्याचाच राग धरलाय. राग तसा पहिल्यापासून तिच्या नाकाच्या शेंड्यावर. मग यानंही अबोला धरला.

सकाळी ती नेहमीसारखी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावायला आली. दोन लावल्या आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर पडलं. अंग तव्यासारखं तापलेलं. त्यानं गाल चाचपला. सूज थेट डोळ्यापर्यंत चढली होती.

“योगराज! तुनी मायले काय व्हयनं?”

मुलगा धावत आला. “आबा, कधयनं सांगी ऱ्हायनू, दात काढी ले. ऐकस का ती? तुम्हले सांगू नका म्हनीसन शपथ घाली तिनी.”

“काब वं?”

“वरना दात काढा की नजर जास,” ती पुटपुटली. “तुमनी गयीच शे. मनी बी गयी ते तुम्हले कोन धरी?”

ती सूज अख्ख्या गल्लीनं पाहिली होती. दिसली नव्हती ती एकट्या त्याला.

धुळ्याला दवाखान्यात दात काढला. “आजी, दातानं नजर जात नाही हो,” डॉक्टरीणबाई हळहळल्या. योगराजला त्यांनी बाजूला घेतलं. पू रक्तात भिनला होता.

भाईदास खाटेशी बसला. उरलेल्या गुंड्या त्यानं घाईत स्वतःच लावल्या होत्या.

“दिखस का वं?”

एक डोळा सुजेनं मिटलेला. दुसऱ्यानं तिनं त्याला न्याहाळलं आणि खुदकन हसली.

“दिखस! बठ्ठं दिखस. तुमन्या गुंड्या वरखाल शेतस. आठे या, लाई देस.”

हात त्याच्या छातीपर्यंत आला आणि गळून पडला. “घर जाऊत, मंग लाई दिसू.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली.

सोनगीरला घरासमोरून तिरडी उचलताना योगराजनं बापाच्या गुंड्यांना हात घातला. भाईदासनं तो हात धरला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “तिनी देखेल शे.”

रोज ती पुढे असायची, तो तिचा हात धरून मागे. आजही ती पुढेच होती. वरखाल गुंड्यांच्या त्याच सदऱ्यात, काठी चाचपत, भाईदास तिच्या मागे चालू लागला.