मेथीतली कोंबडी

कामरेजच्या पलीकडं उसाच्या शेताला पाठ लावून पत्र्याच्या आठ खोल्या आहेत. राहणारी सगळी खानदेशातून कामाला आलेली माणसं. सकाळचे नऊ वाजले असतील, ऊन पत्र्यावर तापायला लागलं होतं. तेवढ्यात उज्ज्वलाची तांबडी कोंबडी शेजारच्या बन्सीलालच्या मेथीत शिरली आणि त्यानं अर्धी वीट भिरकावली.

उज्ज्वला धावली. कोंबडी एका अंगावर पडून पंख आपटत होती. पाय मांडीपासून नुसता लोंबत होता.

"काका, तोंडानं हाकलता नही येत का तुमले?"

"आठ दिवसपासून हाकली ऱ्हायनू! सारा वाफा उकरी टाका तुन्या कोंबड्यास्नी. उद्या मेथीवर औषध मारसू. मग मरू दे साऱ्या!"

उज्ज्वला कोंबडी कवळून दारात आली. सासू धुरपदाबाई उंबऱ्यात बसून दातांना मिश्री घासत होती. तिनं पचकन थुंकलं.

"कापी टाक तिले. तडफडी ऱ्हायनी."

"मी?"

"मग कोन? मना पोऱ्या सुकदेव गया कापडना खातावर, तो येई संध्याकाळले. तवलोंग ठेवशी का इले अशी?"

गावाकडं कापायचं काम थोरल्या दिराचं. त्यानं सुरी घासायला घेतली की उज्ज्वला घागर उचलून विहिरीची वाट धरायची. कोंबड्या तिनं पिल्लापासून वाढवल्या, पण पातं कधी लावलं नव्हतं.

"तोंड फिरावनारी तू," सासू म्हणाली. "अन् जेवाले बसनं की पहिली तंगडी तुना ताटमा."

ते बोलणं उज्ज्वलाच्या वर्मी लागलं. तिनं पदर खोचला. कोंबडीचे पंख पायाखाली धरले, मान ओढली आणि डोळे मिटून सुरी फिरवली. पिसांवरून पातं घसरलं. कोंबडी किंचाळली.

"डोळा उघड, रांडे! तिना जीव काय दोनदा घेशी?"

उज्ज्वलानं डोळे उघडले. दुसऱ्या खेपेला तिनं हात दाबला. रक्त मनगटापर्यंत गरम आलं. पायाखालचं अंग कितीतरी वेळ झटके देत राहिलं, मग सैल पडलं. तिनं सुरी बाजूला ठेवली. सासूसमोर मागं हटायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पिसं काढायला ठेवलेलं पाणी जास्तच उकळलं होतं. पिसांबरोबर जागोजागी कातडीही निघाली. "सोलनीच व्हती तर पहिलेच सोलती," सासूचं चालूच. राहिलेली लव जाळायला उज्ज्वलानं उसाचं पाचट पेटवलं आणि कोंबडी त्यावर धरली. करपट धूर थेट बन्सीलालच्या खोलीत शिरला.

"पित्तनी हिरवी थैली फोडशी तर सारं कडू व्हई," सासू पुढं सरकली, पण हात लावला नाही.

उज्ज्वलानं पोटाखाली चीर दिली, बोटं आत घातली. ऊब अजून तशीच होती. आतडी ओढता ओढता बोटांना पिवळे मणी लागले. मोहरीएवढे, बोराएवढे, लिंबाएवढे. आणि सगळ्यांच्या पुढं एक पुरतं अंडं, कवचासकट. उद्याचं.

तिनं ते अलगद तळव्यावर घेतलं. तिची कानशिलं तापली.

तेवढ्यात बन्सीलाल नाक धरून कुडाशी आला. "काय घाण करी ठेवी? मालकले सांगसू, खोली खाली कराले लावसू!"

उज्ज्वला उठली. कोपरापर्यंत रक्त, एका हातात सुरी, दुसऱ्या तळव्यावर ते अंडं.

"सांगा ना. मेली कोंबडी आगले भीत नही, काका. पन तीन जित्या ऱ्हायन्यात अजून. त्यास्ना चोचले औषध लागनं, तर मी मालककडे जावाव नही. तुमना दारमा यीसू. आज शिकनी मी, सुरी कशी दाबतस ते."

बन्सीलालनं तिच्या हाताकडं बघितलं. नाकावरचा हात त्यानं खाली घेतला. तो मागं वळला. दुपारी त्याच्या बायकोची जुनी नऊवारी मेथीभोवती खुंट्यांना ताणलेली दिसली.

संध्याकाळी सुकदेव आला. रश्श्यात भाकरी चुरत त्यानं विचारलं, "कोनी कापी?"

उज्ज्वलानं त्याला आणखी रस्सा वाढला. धुरपदाबाईनं टोपातला लिंबाएवढा पिवळा बलक शोधून सुनेच्या ताटात टाकला.

"तुनी बायकोनी," ती म्हणाली. "आतेपासून इना तोंडले लागू नको."