तिसऱ्या ओळीची टिंबं

काकाने अर्धा कांदा थोरलीच्या नाकाखाली धरला आणि स्वतःच घळाघळा रडू लागला.

"अगं हिरॉईन, निदान लाजेखातर तरी एक थेंब काढ!" बाहीने डोळे पुसत तो म्हणाला. एरवी तो लग्नांचं शूटिंग करायचा. तिथे कुणाला रडायला सांगावं लागत नसे.

"येतंय, येतंय," ती म्हणाली. येत काहीच नव्हतं.

खिडक्यांवर चादरी टांगून बाबांनी भर दुपारी बैठकीत संध्याकाळ केली होती. टेबलावर कंदील, कोपऱ्यात शिलाई मशीन, मधोमध रिकामा पाळणा. बाबा चर्चचे पाळक, आणि गेल्या महिन्यापासून दिग्दर्शकही. त्यांच्या आजीने रचलेलं एक गीत मंडळी दर रविवारी गात असे. ते गीत कसं जन्मलं, याचा चित्रपट सगळं घर मिळून काढत होतं. ही आजी, म्हणजे मुलींची पणजी, लोकांचे कपडे शिवायची. तिची भूमिका थोरलीकडे आली होती. शेवटी पडदाभर आपला एकटीचा रडवेला चेहरा दिसणार, हे तिने शाळेत शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

गीत तसं साधंच होतं:

रात्री कोण जागं राही?
चांदण्यांना कोण मोजी?

आणि तिसऱ्या ओळीच्या जागी पुस्तकात नुसती टिंबं. तिथे सगळी मंडळी ओठ मिटून गुणगुणायची. पणजीचं तान्हं बाळ त्याच वर्षी गेलं होतं. "तिने देवाला विचारलं, उत्तर आलं नाही. शब्द संपले, तरी ती गात राहिली," असं बाबा उपदेशात सांगत. त्या एका ओळीसाठी तर हा सगळा खटाटोप होता.

"थांबा, झगा एका बाजूने लोंबतोय," म्हणत आई पुढे आली. ओठांत टाचण्यांची रांग धरून ती थोरलीच्या पायाशी बसली आणि घेर दुमडू लागली.

हीच संधी साधून धाकटी आली. वय वर्षं सहा. घरात तिला 'खिडकी' म्हणत. पूर्ण नाव 'चौकशी खिडकी'.

"आई, पणजी असाच झगा घालायची?"

"म्म्."

"ताईला रडता नाही आलं, तर मला घेणार?"

"म्म्हं!"

"कंदील विझला की उजेड कुठे जातो?"

"म्म्... म्म्."

थोरलीला हसू आलं. मग ते हसू ओठांवर तसंच राहिलं. आईचा हुंकार आधी वर गेला, मग खाली आला आणि अलगद टेकला. ही चाल तिने कुठेतरी ऐकली होती. कुठेतरी कशाला, दर रविवारी ऐकत होती!

"खिडके, अजून काहीतरी विचार."

"काय विचारू?"

"काहीही. एरवी तुला सांगावं लागतं का?"

"मग... देवाला गुदगुल्या होतात का?"

"म्म्... म्म्," आई घेरावरची नजर न काढता म्हणाली.

पुन्हा तेच. वर, खाली, अलगद.

थोरली मनातल्या मनात गीत म्हणू लागली. चांदण्यांना कोण मोजी? मोठ्या माणसांना कधी असा प्रश्न पडतो? तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं. भिंग नेमकं तिच्या चेहऱ्यावर रोखलेलं होतं. गप्प बसलं तर हा चेहरा आपला. बोललं तर गेला. वेणीचं टोक तिने दातांत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आलं, आलं!" काका ओरडला. "वहिनी, बाजूला व्हा! दादा, ॲक्शन म्हण!"

बाबांनी हात वर केला.

"बाबा, थांबा," थोरली नाक ओढत म्हणाली. "पणजीच्या तोंडात टाचण्या होत्या."

"काय?"

"ते प्रश्न तिचे नाहीत. कुणीतरी लहान मूल तिला विचारत होतं, आणि ती काम करत उत्तर देत होती. तोंड मोकळं नव्हतं, एवढंच. पुन्हा ऐका ना. खिडके, विचार!"

खिडकीने विचारलं. आईने उत्तर दिलं. काकाने कॅमेऱ्यावरून मान वर काढली.

बाबांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "बाळ गेलं होतं, ते खोटं नाही."

"मी कुठे म्हणते? पण घरात दुसरं कुणी लहान होतं ना?"

"माझी आई. तुझी आजी. सहा-सात वर्षांची असेल."

"ती खूप प्रश्न विचारायची?"

बाबा मशीनपुढच्या स्टुलावर बसले. हातातली पटकथा त्यांनी मांडीवर उपडी ठेवली.

"शेवटच्या दिवसापर्यंत," ते म्हणाले. मग काकाकडे वळून, "कॅमेरा खाली घे रे. धाकटीच्या उंचीवर."

"आणि आमची हिरॉईन?"

"पाठमोरी."

काकाने थोरलीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले आणि आईपुढे हात पसरला. आईने टाचण्या झग्याला पुसून तिला दिल्या.

"गिळू नकोस म्हणजे मिळवली."

थोरली कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. मांडीवर कापड, ओठांत टाचण्या. खिडकी समोर उभी राहिली, हात मागे बांधून.

"रात्री कोण जागं राही?"

थोरलीने टाका घातला.

"चांदण्यांना कोण मोजी?"

"म्म्... म्म्."

ठरलेलं एवढंच होतं. पण खिडकी पाळण्याकडे बघत होती.

"आणि यातलं बाळ आता कुठे झोपतं?"

थोरलीची सुई कापडात अर्ध्यावर थांबली. तोंडात टाचण्या होत्या, हे बरंच होतं. तिने ओठ आणखी घट्ट मिटले आणि जमेल तसा सूर धरला. या वेळी तो टेकायला जरा वेळ लागला.

खिडकीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली.