तोफ नसलेलं जहाज

माझ्या जावेने पन्नाशी उलटल्यावर दुसरं लग्न केलं, ते वर्ष. लग्न लागल्यावर मी परस्पर धाकट्या भावाकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ नाकात ऑक्सिजनची नळी घालून पोरीच्या टेबलाशी बसला होता आणि तिचा जुना कॉम्प्युटर सुरू होता.

"ताई, बरं झालं आलीस," तो म्हणाला. "हे वाच जरा. मला नुसत्या मुंग्या दिसतात."

"आधी पाणी तरी विचार. लग्नाहून आलेय."

"नवरी कशी होती?"

"नवऱ्यापेक्षा बरी. सरक तिकडे."

पडद्यावर काळं आकाश होतं आणि त्यात तीन जहाजं टांगल्यासारखी उभी होती. मी वाचायला शिकले तेव्हा माझे केस पिकू लागले होते. त्यामुळे अजूनही मी एकेक शब्द जुळवत वाचते. "तुमची... पहिली... ध्वजनौका निवडा. ही निवड पुन्हा बदलता येणार नाही."

"ध्वजनौका म्हणजे?"

"झेंड्याचं जहाज असेल. पुढारी जहाज. पण तू हे काय मांडलंयस? खेळ खेळायचं वय आहे का तुझं?"

तो श्वास गोळा करत राहिला. हल्ली त्याला एका वाक्याला दोनदा थांबावं लागे.

"तूच म्हणालीस ना," तो म्हणाला, "ठकी दर रविवारी हाच खेळ खेळते. तिचा ताफा आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ठकी म्हणजे त्याची एकुलती मुलगी. माझी भावजय लवकर गेली, पोरगी आम्ही दोघांनी वाढवली. भाऊ गोदीत वाळूचा मारा करायचा. जुन्या जहाजाचा गंज काढायला नळीतून जोरात वाळू मारतात, ते काम. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांपासून बुटांपर्यंत एकाच रंगाचा असायचा. गोदीत त्याला सगळे भुरा म्हणायचे. ठकी मोठी झाली आणि हट्टाने त्याच गोदीत लागली, त्याच खात्यात. महिनाभर बाप काही बोलला नाही. मग एक दिवस पाळी सुटताना फाटकाशी, सगळ्यांच्या देखत, तो मुकादमाला म्हणाला, "बाईमाणसाचं काम नाही हे. हिचं नाव काढा." मुकादमाला तेवढंच हवं होतं. त्याने नाव काढलं. ठकीने त्याच आठवड्यात घर सोडलं आणि दूरच्या बंदरात जाऊन क्रेन चालवायला लागली.

खरं कारण वेगळं होतं. ती वाळू छातीत जाते आणि तिथेच राहते. भावाला खोकला लागून बरेच दिवस झाले होते. पण खोकणाऱ्या माणसाला गोदी घरी पाठवायची, म्हणून तिथली माणसं कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघायची आणि त्याच्या आवाजात खोकून घ्यायची. धुळीचं नाव फाटकाशी काढलं असतं, तर त्याचीही भाकरी गेली असती. म्हणून त्याने तोंडाला येईल ते कारण सांगितलं. पुढे डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला. म्हणाले, फुप्फुसाचा दगड झालाय.

ठकीने बापाचा नंबर बंद करून टाकला होता. माझ्याशी बोलायची, भरभरून बोलायची. पण मी "तुझे बाबा" म्हटलं की फोन कट. आणि भावाने मला शपथ घातली होती की आजाराचं तिला सांगायचं नाही.

"अरे, सांगू दे मला," मी कितीदा म्हटलं. "धावत येईल."

"येईल. आजाऱ्याला बघायला येईल. माझ्याकडे नाही येणार."



तर ती तीन जहाजं. मी वाचून दाखवली. एक सडपातळ, वेगाने पळणारं, टेहळणीचं. दुसरं जाडजूड पत्र्याचं, दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा. तिसरं पेटीसारखं बेढब, त्याला लांब हात. ते दुसऱ्यांची फुटकी जहाजं लढाईत दुरुस्त करतं. त्याला तोफ नाही.

भाऊ जवळ सरकून बघायला लागला. आयुष्य जहाजांच्या पोटाखाली गेलेलं. "याचा तळ असा का?" म्हणाला. "असा तळ पाण्यात उलटेल."

"पाणी आहे कुठे तिथे?"

"हां," तो म्हणाला आणि हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याने ओठ निळे पडले, मी पाठ चोळत बसले. तो स्थिर झाला तेव्हा बोट तोफांच्या जहाजावर होतं. "हे घेऊ. जन्मभर दुसऱ्यांची घासली. एकदा तरी तोफ."

पण घेतलं मात्र नाही. चुकलं तर बदलता येणार नव्हतं, आणि दुसऱ्या फेरीपुरता श्वास आपल्याकडे नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. रात्री झोपायचा नाही, दिवसा त्या तीन जहाजांसमोर बसायचा. शेवटी मला म्हणाला, "तिलाच विचार. तिला कसलं कमी आहे ते."

मी फोन लावला. तो कान देऊन शेजारी बसला, आवाज होऊ नये म्हणून ऑक्सिजनच्या यंत्रावर उशी धरून.

"ठके, तुमच्या त्या खेळात कसलं जहाज घ्यावं गं?"

"आत्या! तू खेळणारेस?"

"मी कशाला? आमच्या इमारतीतल्या एकाला हवंय. डोकं खातोय माझं."

"वयाने केवढाय?"

मी भावाकडे बघितलं. "हट्टाने लहानच आहे."

ती खळखळून हसली. भावाने डोळे मिटले. ते हसू त्या घरात ऐकू येऊन फार दिवस झाले होते.

"त्याला सांग, तोफा घेऊ नको," ती म्हणाली. "तोफवाले पैशाला पासरी आहेत. आम्हाला दुरुस्तीवाला मिळत नाही. ते जहाज कोणी घेतच नाही गं, सगळ्यांना मारामारी हवी. दर रविवारी माझंच जहाज फुटतं आणि मी एकटी लोंबकळत बसते."

फोन ठेवला. भावाने यंत्रावरची उशी काढली.

"पुन्हा दुरुस्तीच," तो म्हणाला. मग उशी मांडीवर घेत, "दाब तिसरं."

मी दाबलं. मग पडद्यावर एक रिकामी चौकट आली. जहाजाला नाव द्या.

"रिकामी सोड," तो म्हणाला.

"का? छान ठकीचं नाव ठेवू."

"वेडी आहेस का? जहाज अजून गोदीत आहे. पाण्यात उतरायच्या आधी नाव ठेवत नाहीत."

त्यांच्या गोदीत ती रीतच होती. पाण्याला लागेपर्यंत जहाजाला नुसता नंबर. आधी नाव घेतलं तर माणूस दगावतो म्हणायचे. मी म्हटलं, हा खेळ आहे, इथे कसली गोदी. पण तो ऐकेना. एकदा बाहेर पडू दे, मग ठेवू. मी चौकट रिकामी सोडली. खेळाने आपणहून एक नंबर टाकला, आणि पुढे ती चौकट काही पुन्हा उघडली नाही. आम्ही सगळीकडे दाबून बघितलं. नाव एकदाच ठेवता येत होतं.

ठकीच्या ताफ्याचं नाव माळ्यावरची मांजरं. आम्ही अर्ज केला. दुरुस्तीचं जहाज म्हणून लगेच घेतलं. रविवारी दुपारी खेळ सुरू झाला आणि भिंतीलगतच्या स्पीकरमधून तिचा आवाज आला.

"हे बिननावाचं कोण आलंय? किती आळशी माणूस! आमच्या गोदीत असं करायचे, जहाज पाण्यात उतरेपर्यंत नुसता नंबर..." एवढं बोलून ती थांबली. आम्ही दोघं खुर्चीला चिकटल्यासारखे बसलो. मग ती म्हणाली, "जाऊ दे. नंबरवाले, माझ्या मागे राहा."

तो मागे राहिला. त्याला बोलायचं नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं, आणि तशी सोय होती. ती ओरडायची, "उजवी बाजू गेली," की हा जहाजाचे ते लांब हात उजवीकडे लावायचा. काम चोख. ती म्हणायची, "शाबास, नंबरवाले!" आणि तो माझ्याकडे बघायचा, जणू फाटकाशी सगळ्यांच्या देखत कोणी त्याला बक्षीस दिलंय. असे काही रविवार गेले. मधले दिवस तो अंथरुणात असायचा. आठवड्याचा सगळा श्वास त्या एका दुपारसाठी साठवायचा.

"आता तरी सांग तिला," मी म्हणायचे.

"सांगितलं तर काढून टाकेल."

"नाही काढणार."

"मी तिला काढलं होतं," तो म्हणाला. "ती मला का नाही काढणार?"

त्याचं अन्न तुटलं. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, आता घरीच ठेवा, जवळची माणसं बोलवा. जवळचं माणूस एकच होतं, आणि माझ्या तोंडाला शपथेचं कुलूप.

मग तो रविवार आला. मी त्याला धरून टेबलापर्यंत आणलं, उशा लावल्या. खेळ सुरू झाला, पण ठकीचा आवाज वेगळा होता.

"थांबा सगळे. आपल्यात कोणीतरी फितूर आहे. आपली जागा समोरच्यांना आधीच कळतेय. प्रत्येकाने बोलायचं. आवाज ऐकल्याशिवाय मी पुढे जाणार नाही."

एकेक जण बोलला. कोणी थट्टा केली, कोणी चिडलं. मग ती म्हणाली, "नंबरवाले."

भावाने माझा हात पकडला.

"नंबरवाले, नाव नाही, आवाज नाही, तुम्ही आहात तरी कोण? बोला, नाहीतर काढते."

बोलायचं बटण दाबून धरावं लागे. त्याने ते दाबलं. तोंड उघडलं. मला दिसत होतं, शब्द ओठांपर्यंत आला होता. पण मागून लोटायला वारा नव्हता. आत गेली ती नुसती घरघर, आणि मग खोकला. जन्मभर कॉम्प्रेसरच्या आड लपवलेला तो खोकला कसलाही आडोसा नसलेल्या जागी सुटला आणि थांबेना.

"ही काय थट्टा आहे?" ठकी ओरडली. "काढा याला!"

मी शपथ मोडली. त्याचं बोट बाजूला करून माझं बोट बटणावर ठेवलं.

"ठके, मी आत्या. काढू नको. ते तुझे बाबा आहेत."

स्पीकरमध्ये काहीच नाही. मला वाटलं, फोनसारखं हेही कट केलं. भावाचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं होतं आणि तो नाही, नाही अशी मान हलवत होता.

"छातीत वाळू गेलीय त्यांच्या," मी म्हणाले. "म्हणून तुला तिथून काढलं. फाटकाशी बोलले ते खोटं होतं. धूळ होती गं. तुला त्या धुळीतून काढलं." आणि मग मला काय बोलावं सुचेना. "तोफेचं जहाज हवं होतं त्यांना. तू म्हणालीस म्हणून हे घेतलं."

ताफ्यातलं दुसरं कोणी तरी हळूच म्हणालं, "कप्तान, समोरून आले ते. काय करायचं?"

तेव्हा ठकी बोलली.

"आत्या, बाबांना सांग, माझी डावी बाजू फुटलीय. तिथून सुरू करा म्हणावं."

मी सांगायची गरजच नव्हती. त्याने डोकं उचललं होतं. माऊस त्याला धरवेना, तेव्हा मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला आणि तो दाखवेल तिकडे नेला. डावी बाजू. मग मागचा पत्रा. मग पुन्हा डावी. ती मध्येच विचारायची, "बाबा, झालं?" आणि मी बटण दाबून धरायचे. त्याचा श्वास तेवढा तिकडे जायचा. तिला तो पुरत होता.

खेळ संपल्यावर ती म्हणाली, "मी निघते. क्रेनवर बदली माणूस मिळाला की लगेच निघते. बाबा, ऐकताय ना? वाट बघा."

बदली माणूस लवकर मिळाला नाही. भावाने बुधवारी न्हाव्याला घरी बोलवायला लावलं. दाढी करताना नळी बाजूला सारावी लागे, म्हणून न्हावी थोडी करायचा, थांबायचा, पुन्हा थोडी करायचा. सगळी होईपर्यंत वाटीतलं पाणी दोनदा गार झालं. भावाने आरशात दोन्ही गाल वळवून बघितले आणि धुतलेला सदरा मागितला.

माझा धाकटा भाऊ गुरुवारी सकाळी गेला. मे महिना सुरू होता. ठकी शुक्रवारी दुपारी पोचली.