आधी माझं ताट

आमच्या घरी रोज दुपारी खेळ लागायचा. प्रेक्षक एकच: वय सव्वा वर्ष, उंच खुर्चीत बसलेली, गळ्यात लाळेरं बांधलेली. तिला घरात सगळे बाईसाहेब म्हणतात. कलाकार मात्र चार. सासरे एकेकाळी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. ते कपाटावरचं ट्रम्पेट काढून तिच्या आवडीची धून वाजवायचे. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला असतो. तो दुपारी घरी आला की पीठ लागलेल्या कपड्यांतच अस्वल व्हायचा. मी खिडकीचा पडदा उघड-बंद करायचे. या सगळ्याने चकित होऊन बाईसाहेबांचं तोंड जरा उघडलं, की सासूबाई नेम धरून आत चमचा सारायच्या. त्यांचा नेम कधी चुकला नाही. पण आत गेलेला घास बाईसाहेब किती वेळ गालात धरून ठेवतील, हे त्यांच्याही हातात नव्हतं.

सुरुवातीला नुसती धून पुरायची. मग धुनेबरोबर अस्वल लागायला लागलं, मग पडदा. पोरीची भूक काही वाढत नव्हती, मागण्या तेवढ्या वाढत होत्या. खेळ संपेपर्यंत सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे आणि वाटीत अर्धं तसंच उरायचं. टाकून देणं जिवावर यायचं, म्हणून ते मी ओट्याशी उभ्याउभ्या चाटूनपुसून खायचे. मग स्वतःचं ताट वाढून घ्यावं असं रोज मनात असायचं. तोवर भूक मेलेली असायची आणि बाईसाहेब अंगावर प्यायला मागत असायच्या.

मी क्रेन चालवते. उंच इमारती बांधतात तिथली, आभाळात काचेची केबिन असलेली. खालचा माणूस वरून बोटाएवढा दिसतो, आणि मी त्याच्या पुढ्यात सळयांचा अख्खा भारा असा टेकवते की धूळसुद्धा उडत नाही. मला माझं काम फार चांगलं येतं. हे सांगताना लाजायचं असतं म्हणतात, पण मी काही लाजत नाही. बाळंतपणाची रजा संपून बिनपगारी रजाही संपत आली होती, आणि मला त्या केबिनची इतकी आठवण यायची की पडदा ओढतानासुद्धा हात लिव्हरवर असल्यासारखा फिरायचा.

रुजू होण्याआधी तपासणी असते. डोळे उत्तम निघाले, कान उत्तम निघाले. रक्ताचा रिपोर्ट बघताना मात्र डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते?"

"येते कधीकधी."

"काल दुपारी काय जेवलात?"

"दोन घास डाळभात," मी घडाघडा सांगायला लागले. "एक चमचा गाजर, तेही थुंकलं. अंड्याला तोंड लावलं नाही. केळं अर्धं."

"हे कोणाचं?"

"मुलीचं."

"मी तुमचं विचारतेय."

काही आठवेचना. हुकाला टांगलेल्या प्रत्येक ओझ्याचं वजन मला तोंडपाठ असतं, आणि स्वतःच्या पोटात काल काय गेलं ते सांगता येत नव्हतं.

"तिचं उरलेलं," मी शेवटी म्हणाले.

"आणि अजून अंगावर पाजता?"

"हो. सकाळी, दुपारी आणि रात्री."

"म्हणजे दोघींचा कारभार एका उष्ट्या वाटीवर चाललाय," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दीड महिन्याने फेरतपासणी, आणि तोवर क्रेनवर चढायचं नाही. साइटवरच्या साहेबांनी फोनवर सरळ सांगितलं, "तोपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही. तुम्हाला वर चक्कर आली तर खाली माणसं असतात." त्यांचं खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या चमचे पुसत होत्या.

"बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पोर धड जेवत नाही, तर आईने घरीच राहावं. तू गेल्यावर पडदा कोण ओढणार?"

"पडद्यासाठी मी नोकरी सोडायची?"

"पोरीसाठी."

पोरीसाठी म्हटलं की आईने गप्प बसायचं, हे कोणी तरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मी गप्प बसले खरी, पण ते मानलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळाची तयारी चालली होती. सासरे ट्रम्पेटच्या तोंडावर फडकं फिरवत होते. बाईसाहेब खाली फरशीवर झाकणं आपटत बसल्या होत्या. मी एक मोठं ताट घेतलं. त्यात भात, डाळ, पालेभाजी, दोन उकडलेली अंडी आणि बटाट्याच्या फोडी वाढल्या आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"पोरीचं व्हायचंय अजून," सासूबाई म्हणाल्या.

"होऊ दे. मी जेवतेय."

"आधी लेकरू, मग आई."

"लेकरू माझ्यावर जगतंय, आई. टाकीतच काही नसेल तर नळाला काय येणार?"

आणि मी जेवायला लागले. कोणाला काही दाखवून द्यायचं म्हणून नव्हे. पोटात कावळे ओरडत होते, आणि समोर गरम अन्न होतं. पालेभाजीचा पहिला घास घेतला आणि मला भरूनच आलं. किती दिवसांनी मला कशाची तरी चव लागत होती. मी इतका ताव मारत होते की बाईसाहेबांना खरोखरच विसरले.

झाकणांचा आवाज थांबला. गुडघ्यापाशी कोणी तरी ओढलं. बाईसाहेब माझ्या सलवारीला धरून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी टाचा उंचावल्या, ताटात हात घातला आणि बटाट्याची एक फोड उचलून तोंडात कोंबली. हाच बटाटा आदल्या दिवशी अस्वलाच्या अंगावर थुंकला होता.

सासूबाईंनी 'अगं बाई' म्हणायला श्वास घेतला. सासऱ्यांनी ट्रम्पेट उचललं. नुकताच बेकरीतून आलेला नवरा तर अस्वलासारखा दोन पायांवर उभाच राहिला.

"कोणी बघू नका," मी हळूच म्हणाले.

बाईसाहेबांनी वळून एकेकाकडे पाहिलं. खेळ काही सुरू होईना. मग त्यांनी दुसरी फोड उचलली.

एका फोडीवर सगळं सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. दुसऱ्याच दिवशी तिने भाताला हातसुद्धा लावला नाही आणि डाळीची वाटी डोक्यावर पालथी घातली. सासूबाई रडकुंडीला आल्या. "उपाशी मारणार आहेस का तिला?" असं त्यांनी विचारलं, आणि ते मला फार लागलं. पण मी हटले नाही. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते आपण बघू, किती खायचं ते तिचं ती बघेल, असं मी सांगून टाकलं. आता तिची खुर्ची टेबलाला लावलेली असायची, आपल्यातलंच मऊ करून तिच्या पुढ्यात ठेवलेलं असायचं, आणि बाकीच्यांनी आपापल्या ताटात बघून जेवायचं. या कामी सासऱ्यांनी जिवाचं रान केलं. त्यांच्या शेजारी पोर गाजर चोखत असताना त्यांनी मान वळवली नाही, नुसती मिशी थरथरत होती.

घोडं अडलं ते सासूबाईंपाशी. त्या बसेचनात. ओट्याशी उभ्या राहून सगळ्यांवर नजर ठेवायची, ही त्यांची आयुष्यभराची जागा. शेवटी मी त्यांचं ताट वाढलं आणि नवऱ्याने त्यांना खांद्याला धरून बसवलं. त्या अंग चोरून बसल्या. थोड्या वेळाने पाहते तर त्या जेवायच्या थांबल्या होत्या.

"काय झालं, आई?"

"काही नाही. भात गरम आहे," त्या म्हणाल्या. मग लेकाकडे बघून म्हणाल्या, "याच्या वेळी मी काय जेवायचे, कोणाला माहीत. कोणी विचारलं नाही, मीही बघितलं नाही."

मी त्यांच्या ताटात अंडं ठेवलं. त्यांनी त्यातलं अर्धं माझ्या ताटात सरकवलं.

पोरीकडे बघायची तर बंदी होती, म्हणून त्या दिवसापासून त्यांनी आपली नजर माझ्यावर लावली. "पालेभाजी आणखी घे. लिंबू पिळ वरून. एवढंच? वर जाऊन चक्कर आणणारेस का?" त्यांच्या नेमातून माझा एकही घास सुटला नाही. फेरतपासणीला गेले तेव्हा काल दुपारी काय जेवले ते मी न विचारताच सांगितलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, सही केली आणि या वेळी हसल्या.

कामावरचा पहिला दिवस. शिडी चढताना दम लागला, पण अंधारी आली नाही. खालून इशारा आला आणि मी पहिला भारा उचलून सातव्या मजल्यावर टेकवला, धूळ न उडवता. दुपारी जेवणाची सुट्टी झाल्यावर हुक वर घेतला, ब्रेक लावला आणि घरी फोन केला. सासऱ्यांनी उचलला. मागे चमच्यांचा आवाज येत होता.

"बाबा, बाईसाहेब जेवल्या?"

"ताटली तर रिकामी दिसतेय."

"किती खाल्लं?"

"ते कसं सांगू? बघायचं नाही असं तूच बजावलंयस. काही खाली सांडलंही असेल. पण बाईसाहेब खुश आहेत."

मग फोन सासूबाईंनी हिसकावून घेतला.

"तिचं राहू दे," त्या म्हणाल्या. "तू डबा उघडलास का?"

"उघडतेय."

"काय काय आहे, सांग बघू."

डबा त्यांनीच भरला होता. तरी मी झाकण काढलं आणि एकेक करून त्यांना सगळं सांगायला लागले.