गुण होऊ द्यायचा नव्हता

तिसरा गेम सुरू झाला तेव्हा ऊन अजून पुरतं कललं नव्हतं. गजाननने रेघेबाहेर जाऊन तळहाताला माती चोळली आणि मुद्दामच जरा वेळ लावला. एक गेम गावाने जिंकला होता, एक शिपायांनी. हा संपला की जाळी सुटणार आणि शिपाई आपापल्या कामाला परतणार. त्यातले दोघे करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे होते. त्यांनी इतक्यात परतू नये एवढ्यासाठीच गजाननने आजचा सामना जमवला होता. खेळणाऱ्यांपैकी हे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

पिंपळगाव रेणुकाईपासून नाका कोसभर. नाक्यापलीकडे वऱ्हाड, म्हणजे हिंदुस्थानचं राज्य, अलीकडे निजामाचं. तो अठ्ठेचाळीस सालचा चैत्र होता. सरहद्दीवरचे नाके जाळले जात होते आणि जाळणाऱ्यांना दिसेल तिथे गोळी घातली जात होती. गावातल्या रामकिसनला अशीच मांडीत गोळी लागली होती. तो गजाननच्या मळ्यात कडब्याच्या गंजीआड पडून होता. जखम चिघळली होती, तापात तो बरळत होता. डॉक्टर होता पलीकडे, धाड गावात. रात्री गस्त असे. दिवसा नाक्यावरचे दोन तरणे शिपाई कडब्याच्या प्रत्येक गाडीत लोखंडी सळई खुपसून बघत. तेच दोघे आता जाळीपलीकडे उभे होते, आणि नाक्यावर होता एकटा म्हातारा पहारेकरी.

रामकिसनची आई तुळजाबाई सकाळी गजाननला म्हणाली होती, "मी गाडीवानासंगं गाडीवर बसून जाते, पोरगं कडब्याखाली. म्हाताऱ्याला सांगते, माहेरी चालले. हद्द ओलांडली की उतरून मळ्यातल्या वाटेनं माघारी येते. मी मैदानावर दिसले की समज, पोरगं पलीकडं गेलं. तवर त्यांना सोडू नको."

"काकू, कचरूला सांगायचं का?"

"बिलकुल न्हाई! त्याच्या पोटात काय हाये ते तोंडावर दिसतं. आज त्याला काही कळू द्यायचं न्हाई. आण घे माझी."

कचरू म्हणजे रामकिसनचा धाकटा भाऊ, आणि गावाच्या संघातला सगळ्यात ताकदीचा गडी. मोठा भाऊ कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. महिन्यापूर्वी शिपायांनी त्याच्या घराची झडती घेतली, धान्याच्या कणग्या अंगणात ओतल्या आणि आईला उन्हात उभं केलं, तेवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शिपायांवर हात उचलता येत नव्हता, म्हणून तो बॉलवर उचलत होता. त्याला जिंकायचं होतं.

हा व्हॉलीबॉल गावात आणला दोघांनी. गजानन जालन्याच्या शाळेत शिकला, हैदर जमादार जालन्याच्या छावणीत. जमादाराची बदली इथल्या चौकीवर झाली तेव्हा त्याच्या सामानात जाळी होती. बाकी वेळी कडक माणूस, पण मैदानावर हसायचा. दोघांनी आपापल्या गड्यांना सगळं शिकवलं होतं: सहा जण, तीन हातांत बॉल पलीकडे गेलाच पाहिजे, जाळीला अंग लागलं की चूक, आणि पंधरा गुणांचा गेम. गुण मात्र सर्व्हिस करणाऱ्यालाच. समोरच्याने बॉल जिंकला तर त्याला गुण नाही, फक्त सर्व्हिस मिळते, आणि त्याचे गडी एकेक घर सरकून पुढचा माणूस सर्व्हिसला येतो.

या नियमावरच गजानन उभा होता. दोन्ही बाजूंनी सर्व्हिस घालवत राहिलं तर गेम कितीही लांबतो. शिपायांची सर्व्हिस असली की जीव तोडून खेळायचं, म्हणजे त्यांना गुण नाही. आपली असली की चुकायचं, म्हणजे आपल्याला नाही. पण सहा जणांत चुकणारा तो एकटाच होता. बाकीचे पाच जण मनापासून खेळत होते.

निम्म्याहून जास्त गेम झाला तेव्हा गाव अकरावर होतं आणि शिपाई तेरावर. जमादाराची सर्व्हिस होती. बॉल सपाट, खांद्याच्या उंचीने आला. गावाच्या संघातल्या रामरावाने तो कसाबसा उचलला, कचरूने जाळीजवळ उंच दिला आणि गजाननने उडी मारून असा ठोकला की पलीकडचा शिपाई पाठीवर पडला. लोक ओरडले. सर्व्हिस गावाकडे आली. मग तशीच उंच उचल पुन्हा गजाननच्या डोक्यावर आली, आणि त्याने ती जाळीत घातली.

कचरू त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "भाऊ, हे काय करून राह्यलास? मघापास्नं बघतोय. त्यांच्या सर्व्हिसला वाघ अन् आपल्या सर्व्हिसला शेळी!"

"हात घसरला."

"दर टायमाला?"

"खेळ, कचरू."

"तूच खेळ!" कचरूने पायातली माती झटकली आणि तो मैदानाबाहेर चालू लागला. "ज्याला जिंकायचंच न्हाई त्याच्यासंगं मी न्हाई खेळत."

शिट्टी नाक्याच्या मुन्शीकडे होती. त्याने जमादाराकडे पाहिलं. जमादार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पाच गड्यांचा गेम होत नाही, गजानन. आदमी नसेल तर हार मान. जल्दी बोल."

गजाननने लोकांवरून नजर फिरवली. तुळजाबाई कुठेच नव्हती. गाडी नाक्याजवळ असेल, किंवा ओढ्याच्या वाळूत बैल अडले असतील. तो कचरूच्या मागे धावला.

"परत ये. तुझ्या मायची आण."

"माझ्या मायचं नाव घेऊ नको!"

कानात चार शब्द सांगितले असते तर कचरू परतला असता. पण सांगताच त्याचा चेहरा कसा होईल हे गजाननला दिसत होतं, आणि जमादार इकडेच पाहत होता. तो खाली वाकला आणि सगळ्या गावासमोर त्याने आपल्याहून लहान असलेल्या पोराचे पाय धरले.

बायांमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी हसलं. कचरू दचकून मागे सरला. "उठ, उठ भाऊ! लोक बघून राह्यले."

"खेळतोस?"

कचरू परत आपल्या जागी येऊन उभा राहिला.

पुढच्या सर्व्हिसला शिपायांनी चौदावा गुण घेतला. आता एकच बाकी. जमादार स्वतः जाळीजवळ आला. बॉल कितीतरी वेळ इकडून तिकडे फिरला. रामराव आडवा पडला, कचरूने रेघेबाहेर पळत जाऊन मुठीने तो वर उडवला आणि गजाननने रिकाम्या कोपऱ्यात टाकला. वाचले. सर्व्हिस गजाननची होती. त्याने हात मागे नेला आणि बॉल सरळ जाळीच्या पोटात मारला.

जमादार बॉलकडे नाही, त्याच्याकडे पाहत राहिला.

शिपायांची ती सर्व्हिस कचरूने परतवून तोडली आणि आता घर सरकून तोच सर्व्हिसला आला. त्याच्या सर्व्हिसपुढे कुणाचं चालेना. बारा. तेरा. चौदा. लोक उभे राहिले. चौदा-चौदा झाले म्हणजे आता दोन गुणांचं अंतर लागणार, हे आठवून गजाननला श्वास घेता आला. पण लगेच कचरूने पंधरावाही घेतला. आणखी एक, की संपलं.

कचरूने सर्व्हिस टाकली. शिपायांनी बॉल धडपडत, कसाबसा परत पाठवला. रामरावाने तो जाळीवर उंच, अगदी हलका, लोण्यासारखा उचलून दिला. समोर कुणी नव्हतं. गजाननने उडी मारली. वरून त्याला सगळं मैदान दिसलं, माणसं दिसली. तुळजाबाई दिसली नाही. त्याने हात खाली आणला आणि कोपराने जाळी ओढली.

शिट्टी वाजली. मग कचरूने त्याची बंडी छातीशी धरली. "विकला गेलास ना? बोल, काय दिलं यांनी तुला? माझ्या मायला उन्हात उभं केलं या लोकांनी, अन् तू..." तो गजाननच्या पायाजवळ थुंकला.

जमादार जाळीखालून वाकून अलीकडे आला. त्याने कचरूचा हात बाजूला केला.

"इसको मैंने कुछ नहीं दिया," तो सावकाश म्हणाला. "मग का हरतोय हा? आणि हरायचंच होतं तर माझा पंधरावा का होऊ दिला नाही?"

जमादाराने वळून नाक्याच्या वाटेकडे पाहिलं, मग आपल्या दोन गड्यांकडे. त्याचा चेहरा बदलला.

"नाक्यावर कोण आहे? दौडो!"

दोघे शिपाई तसेच, अनवाणी पळत सुटले. त्याच वेळी बायांच्या घोळक्यामागे हालचाल झाली. तुळजाबाई येऊन उभी राहिली होती. घोट्यापर्यंत धुळीने माखलेली, पदराने तोंड पुसत. तिने गजाननकडे पाहिलं आणि खाली बसली.

आता त्यांना पळू दे कितीही, असं त्याला वाटलं. नंतर जे झालं ते सगळं त्याने या एका विचारावर सोसलं.

शिपाई परतले तेव्हा दिवस मावळत होता. कडब्याची एक गाडी गेली, म्हाताऱ्याने वर बसलेली बाई बघून सळई न लावता सोडली, हद्दीपलीकडच्या वाळूवर चाकांच्या खुणा आहेत. ती बाई कोण, कडब्याखाली कोण होतं, ते कुणालाच सांगता येईना. जमादाराने जाळीची दोरी सोडून तिनेच गजाननचे हात बांधले.

"गाडी गेली ती गेली," तो म्हणाला. "पण खेळात दगा केलास. वो मुझसे सहा नहीं जाता."

चौकीवर त्याने गजाननला खूप मारलं. डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. पण गाडीतल्या माणसाचं नाव त्याच्या तोंडून निघालं नाही. त्याला औरंगाबादच्या तुरुंगात पाठवलं. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, आणि तुरुंगाची दारं उघडली.

गजानन गावात शिरला तो मळ्याच्या वाटेने. शेत पडीक असेल, गवत माजलं असेल, असंच मनात धरून आला होता. पण ज्वारी छातीच्या वर गेली होती, रेघेत, खुरपलेली. बांधावर कचरू बैलाला पाणी पाजत होता. त्याने गजाननला पाहिलं आणि बादली खाली ठेवली.

"पेरलं मीच," तो म्हणाला. "माय म्हणली."

"रामकिसन?"

"आल्ता मागच्या हप्त्यात. लंगडतो. पाय राह्यला, मांडीतलं मांस गेलं. डॉक्टर म्हणला, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर..." कचरूने बैलाच्या मानेवर हात फिरवला. मान वर न करता विचारलं, "मला का न्हाई सांगितलं, भाऊ?"

"काकूनं आण घातल्ती."

"मी थुंकलो तुझ्यावर. सगळ्या गावासमोर."

"पायाजवळ थुंकलास. अंगावर न्हाई."

कचरू हसला, मग त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. त्याने गजाननचा डावा हात ओढून आपल्या हातात घेतला आणि वाकड्या बोटांकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने बैलाने बादली लाथाडली, तेव्हा कुठे त्याने हात सोडला.

"चल घरी," तो म्हणाला. "मायनं भाकरी टाकल्या असतील."